दोन सिरिंज पुरल्या: रत्नागिरीतील एका त्वचारोग क्लिनिकमधील गालांच्या फिलरचा अनुभव

गेली तीन वर्षे गणपतीसाठी मुंबईहून येणारी आमची चाकरमानी मंडळी उंबऱ्यातच मला विचारीत, ‘वहिनी, आजारी होतात का?’ थायरॉइडच्या दुखण्यात माझे वजन नऊ किलोंनी उतरले होते. ते पुढे सावरले, पण बसलेले गाल मात्र वर आले नाहीत. बावन्नाव्या वर्षी गालांत फिलर, म्हणजे पोकळी भरून काढणारे इंजेक्शनचे जेल, भरून घ्यावे की नाही, हा निर्णय मी लवकर घेतला. किती भरावे, हे ठरवायला मात्र चार महिने लागले, आणि हे परीक्षण प्रामुख्याने त्याच प्रश्नाविषयी आहे.

सुरुवातीला मी एका मोठ्या शहरातील क्लिनिकमध्ये गेले होते. तेथे माझ्या गालाला कोणी बोटही लावले नाही. समुपदेशक म्हणवणाऱ्या मुलीने चार सिरिंजचे पॅकेज सांगितले आणि पैसे आजच भरल्यास सवलत मिळेल असेही सुचवले. चारच का, असे विचारल्यावर ‘तुमच्या वयाला एवढे लागतेच’ हे उत्तर मिळाले. मी परत आले.

रत्नागिरीतील क्लिनिकमध्ये स्वतः त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनीच तपासणी केली आणि तिला पाऊण तास लागला. त्यांनी मला आडवे न झोपवता खिडकीजवळ सरळ बसवले, कारण झोपल्यावर गालाचे मांस मागे सरकते आणि खरी पोकळी दिसत नाही. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि तिरक्या कोनातून पाहून झाल्यावर त्यांनी गालाच्या हाडाची कड बोटांनी चाचपली, मला हसायला लावले आणि लग्नातला फोटो मागितला. मग त्यांनी दातांविषयी विचारले. माझ्या डाव्या बाजूच्या वरच्या दोन दाढा अनेक वर्षांपूर्वी काढल्या आहेत. दाढ गेली की तेथील जबड्याचे हाड हळूहळू झिजते. डावा गाल उजव्यापेक्षा अधिक खोल दिसण्यामागे हेही एक कारण असावे, असे त्यांचे मत पडले. दातांचे काही काम करायचे असेल तर ते आधी उरकून घ्या आणि मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या, म्हणजे तोंडातील जंतुसंसर्ग फिलरपर्यंत पोहोचण्याचा धोका कमी राहील, असेही त्यांनी बजावले. वजन सहा महिने स्थिर आहे ना, याचीही खात्री करून घेतली.

प्रमाणाविषयी त्यांनी जे समजावले ते मला फार मोलाचे वाटते. एका सिरिंजमध्ये साधारणपणे १ मिली फिलर असते आणि चहाच्या चमच्यात ५ मिली मावते. म्हणजे दोन सिरिंज मिळूनही अर्धा चमचा भरत नाही. तरीही हे थोडेसे द्रव्य हाडालगत, योग्य जागी ठेवले तर वरची त्वचा उचलली जाते, आणि तेच गालाच्या पुढच्या भागात अधिक घातले तर हसताना गाल फुगून डोळे बारीक दिसू लागतात. बहुतेकांना एका गालाला १ ते २ मिली लागते. परंतु दोन्ही गालांना सारखेच लागेल असे नाही, कारण कोणाच्याही चेहऱ्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. माझ्यासाठी त्यांनी उजवीकडे ०.८ आणि डावीकडे १.२ मिली असा हिशेब मांडला, आणि एकदम याहून अधिक न भरता चार आठवड्यांनी पाहून पुढचे ठरवू, असे सांगितले.

फिलर त्वचेत मुळातच असणाऱ्या हायलुरॉनिक अ‍ॅसिडचे होते. खोका माझ्यासमोर फोडला, मुदतीची तारीख दाखवली आणि लॉट क्रमांकाचे (उत्पादनाच्या त्या खेपेच्या क्रमांकाचे) स्टिकर माझ्या कागदांवर चिकटवले. हे द्रव्य विरघळवणारे हायलुरॉनिडेज तुमच्याकडे आत्ता आहे का, असे मी विचारले. त्यांनी फ्रिज उघडून कुपी दाखवली. कोकणात राहणाऱ्या प्रत्येकीने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो, क्वचित दृष्टीही जाते, आणि अशा वेळी एकेक तास महत्त्वाचा असतो. आंबा घाट चढून कोल्हापूर गाठेपर्यंत थांबणे परवडणारे नसते. तीव्र वेदना, त्वचा पांढरी पडणे किंवा जाळीसारखी निळसर दिसणे, नजर अंधुक होणे, यांपैकी काहीही जाणवल्यास मध्यरात्रीही फोन करा, असे लेखी दिले होते.

प्रत्यक्ष प्रक्रिया अर्ध्या तासात झाली आणि दुखणे सोसण्याजोगे होते.

पहिले तीन दिवस सूज होती आणि आरशात पाहून मला जरा जास्तच भरल्यासारखे वाटले. पाचव्या दिवशी सूज ओसरताच उलट कमी पडल्याची शंका आली. या दोन्ही वेळी घेतलेला निर्णय चुकला असता. दोन आठवड्यांनी गाल स्थिरावले. चौथ्या आठवड्यातील तपासणीत डावी बाजू किंचित उणी वाटली. डॉक्टरांच्या अंदाजाने तेथे ०.३ मिली आणखी चालले असते. मात्र त्यासाठी नवी सिरिंज फोडावी लागली असती, आणि एकदा उघडलेली सिरिंज पुढच्या वेळेसाठी जपून ठेवू नये, म्हणून उरलेले ०.७ मिली टाकून द्यावे लागले असते. उरते आहे तर दुसरीकडे भरू या, असे त्या म्हणाल्या नाहीत. निर्णय माझ्यावर सोपवला. मी नको म्हटले. तो फरक मला दिसतो, इतरांना दिसत नाही.

दोन बाबी खटकल्या. सिरिंजचा दर आधी स्पष्ट सांगितला होता, पण त्यावर जीएसटी लागेल हे बिल हाती आल्यावरच कळले; ही रक्कम आरंभीच लेखी द्यायला हवी होती. शिवाय वेळ ठरवूनही दीड तास बसावे लागले, आणि लांबच्या गावातून एसटीने येणाऱ्या बाईची परतीची गाडी त्यात चुकते.

फिलर कायमचे नसते. गालांतले दीड-दोन वर्षांत हळूहळू विरघळत जाते. म्हणून मार्गशीर्षात पुन्हा दाखवायला जायचे आहे, आणि त्या वेळी लग्नातल्या फोटोबरोबर या गणपतीतला फोटोही न्यायचे ठरवले आहे, म्हणजे किती उतरले हे डॉक्टरांना मोजता येईल.