विटांच्या फोम शीट आणि चिकटवायचा वॉलपेपर: दिवाळीपासून पोळ्यापर्यंतचा अनुभव

गल्लीतल्या बऱ्याच जणी विचारायल्यात की हे सामान घ्यावं का, आता महालक्ष्म्या आल्यात तोंडावर, म्हणून सगळं एकदाच नीट लिहिते. सामान वाईट नाई. पण ते सपाट, पेंट मारलेल्या, कोरड्या भिंतीसाठी केलेलं आहे आणि आपल्याकडं तशी भिंत घरात एखादीच असते. भिंत कोणती आहे त्यावर सगळं ठरतंय, शीट कोणत्या कंपनीची त्यावर नाई.

आमचं घर औशात. पुढचा हॉल आणि एक खोली विटा-सिमेंटची, मागची ओसरी आणि मोठी खोली जुनी, दगड-मातीची. मागं पूर्वी माळवद (मातीचं सपाट छत) होतं, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर सासऱ्यांनी ते उतरवून पत्रे टाकले. हे सांगायचं कारण म्हणजे पुढं जे जे झालं त्यात ह्या पत्र्यांचा आणि दगडी भिंतींचा मोठा हात आहे.

दिवाळीला आम्ही विटांच्या डिझाइनच्या फोम शीट (७० बाय ७७ सेमी, एक शीट साधारण पावणेसहा स्क्वेअर फूट), मोराचं डिझाइन असलेले ४५ सेमी रुंदीचे वॉलपेपर रोल, चिकटवायचे हुक आणि एक एलईडी पट्टी घेतली. कारागीर बोलवला नाई, मी, आमचे हे, धाकटे भाऊजी आणि पुतणी असं मिळून लावलं आणि लावायला खरंच सोपं आहे, मागचा कागद काढायचा आणि वरून खाली हातानं दाबत यायचं. येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात जेवून पाहुणे परतीच्या वाटेवर चहाला थांबले तर त्यांनी भिंतीला हात लावून बघितला, त्यांना खरी वीटच वाटली. तिथवर पाचपैकी पाच दिले असते.

मग ओसरीतल्या शीट सुटायला लागल्या. रात्री सगळे झोपल्यावर धप्प, थोड्या वेळानं परत धप्प, आत्याबाई उठून म्हणायच्या, "बघ गं, मांजर आलं का." शीट उलटी करून बघितली तर गोंद जिथल्या तिथं, पण त्याच्यावर चुन्याचा पांढरा थर बसलेला. म्हणजे गोंदानं चुन्याला घट्ट धरलं होतं आणि चुन्यानं भिंत सोडली होती. वर्षानुवर्षं एकावर एक चुना मारलेल्या भिंतीचा वरचा थर भुकटीचा असतो, त्याच्यावर जगातला कुठलाही गोंद टिकणार नाई. भिंत धुवून घ्या असं सांगणारे भेटतात, पण मातीच्या भिंतीत पाणी मुरवायचं कसं, आणि २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी बघितलंय त्या लातूर जिल्ह्यातल्या घरात भिंतीवर बादल्या ओतायचं कुणाच्या मनातबी येत नाई.

एकादशीच्या भजनाचं तर सांगायलाच पाहिजे. भाऊजींनी सुटलेल्या शीटच्या कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून ठेवली होती, दाबायची बाकी होती, तेवढ्यात भजनाच्या बायका आल्या. शेजारच्या काकू भिंतीला टेकून बसल्या. हरिपाठ झाला, आरतीला सगळ्या उभ्या राहिल्या आणि काकूंबरोबर अख्खी शीट उभी राहिली, पाठीवर विटांची भिंत घेऊन काकू टाळ्या वाजवायल्यात आणि मागच्या बायकांना आरती म्हणता येईना इतकं हसू. काकूंना कळलं तेव्हा त्याबी पोट धरून हसल्या. टेप मात्र लुगड्यावरून लवकर निघेना, शेवटी आत्याबाईंनी खोबरेल तेल लावून लावून काढली. तेलाचा डाग शिकेकाईनं गेला. हे लक्षात ठेवा, कपड्याला गोंद लागला तर ओढाताण करू नका, खोबरेल लावून थोडा वेळ थांबा.

उन्हाळ्यात वेगळाच प्रकार. आपल्याकडं पारा चाळीसच्या वर जातो आणि पत्र्याखाली तर दुपारी बसवत नाई. असला दाबून चिकटवायचा गोंद उष्णतेनं मऊ पडतो, वजन असलं की सरकतो. कॅलेंडरचा हुक रोज थोडा थोडा खाली यायला लागला, पडला नाई, नुसता सरकत राहिला, वरून खालीपर्यंत गोंदाची चिकट रेघ ओढत. पुतणी रोज शाळेतून आली की पेन्सिलीनं खूण करायची आज कॅलेंडर कुठं आलं म्हणून. एलईडी पट्टी एका दुपारी लांबच्या लांब खाली आली ती सरळ पिठाच्या डब्यात, तिच्याबद्दल जास्त काय लिहू, ती घेऊ नका.

हॉलची भिंत सिमेंटची, पेंट मारलेली, तिथं मोर चांगला चिकटला आणि अजून चिकटून आहे. तिथं अडचण दुसरी आली. पहिली पट्टी छताच्या कडेला धरून लावली, दुसरी तिच्या शेजारी, असं करत कोपऱ्यापर्यंत गेलो तर मोराचं डोकं एका पट्टीवर आणि मान पुढच्या पट्टीवर चार बोटं खाली. गल्लीतल्या गवंडीमामांना बोलावलं, त्यांनी ओळंबा सोडला आणि म्हणाले, "ताई, छतच तिरकं हाय की ओ, मोर काय करील." म्हणून पहिली पट्टी छत बघून लावायची नाई, दाराची चौकट बघूनबी नाई. ओळंबा सोडायचा, पेन्सिलीनं उभी रेघ मारायची आणि त्या रेघेला धरून सुरुवात करायची, ओळंबा नसला तर दोऱ्याला कुलूप बांधलं तरी चालतंय. अजून एक, लावताना पट्टी ताणायची नाई, वॉलपेपर प्लास्टिकचा असतो, ताणून लावला की नंतर आकसतो आणि उन्हाळ्यात दोन पट्ट्यांच्या मधी पांढरी फट दिसायला लागते.

मे महिन्यात त्याच भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका वॉलपेपर फाटला. आधी वाटलं पुतण्यानं फाडला, त्याला उगीच बोलणी बसली बिचाऱ्याला. मागं बघितलं तर भिंतीलाच भेग. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते, पाया खोल नसला की घर तिच्याबरोबर हलतं आणि भेगा बहुतेक खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघतात. शेतातल्या भेगा तर आपण दर उन्हाळ्याला बघतो, तीच माती घराखाली आहे. अशा भिंतीवर वॉलपेपर लावायचाच असेल तर खिडकीच्या बाजूची पट्टी वेगळी तुकड्यात लावा, फाटली तर तेवढीच बदलता येते.

सगळ्यात वाईट अनुभव पावसाळ्याचा, आणि ह्याच्याबद्दल मला खरंच कळकळीनं सांगायचंय. मागच्या खोलीत ज्या शीट टिकल्या होत्या त्यांच्या मागून कुबट वास यायला लागला. काढल्या तर काळी बुरशी. दगड-मातीची भिंत ओल घेते आणि हवेला परत सोडते, तिच्यावर प्लास्टिकचा थर मारला की ओल आतच कोंडते. आत्याबाईंना दम्याचा त्रास आहे, त्यांचा पलंग त्याच भिंतीला. त्याच दिवशी सगळ्या शीट काढून टाकल्या. ओल येणाऱ्या भिंतीवर हे लावूच नका, आणि घरात लहान लेकरं, म्हातारी माणसं असतील तर अजिबातच नाई.

मग त्या खोलीला काय केलं तर परत चुनाच. चुना ओल अडवत नाई आणि ताजा असताना इतका क्षारयुक्त असतो की बुरशीला जगू देत नाई. फक्त ह्यावेळी पांढरा नाई, त्यात पिवडी टाकून पिवळा, आणि खाली हातभर गेरूचा पट्टा. मातीचे रंग चुन्यात टिकतात. भुकटी हाताला लागू नये म्हणून थोडा डिंक मिसळला. भाऊजींनी कळीचा चुना प्लास्टिकच्या बादलीत भिजवला, पाणी पडल्याबरोबर तो खदखदायला लागला आणि बादलीचं बूड वितळून वाकडं, चुना सगळा अंगणात. लोखंडी पिंप घ्या, चुना पाण्यात थोडा थोडा सोडा, डोळ्याला चष्मा लावा आणि लेकरांना लांब ठेवा, डोळ्यात गेला तर लई वाईट.

फोटो टांगायला ड्रिलबी मारून बघितलं. दगडावर लागलं की बीट तापून लाल, आणि दगडाच्या मधल्या सांध्यात लागलं की मशीन फसकन आत जाऊन बाहेर नुसती माती, स्क्रूची गिट्टी धरायला काही नाईच. शेवटी जुन्या लाकडी खुंट्या होत्या त्यांनाच तेल लावून चकाचक केलं, फोटो त्यांना टांगले आणि देवळीत पुतणीनं बाटल्या रंगवून ठेवल्या. पलंगाच्या डोक्यावर मात्र काहीच टांगलं नाई, ते आत्याबाई आजबी ऐकत नाईत आणि त्यांचं बरोबर आहे, त्यांनी भूकंपाची ती पहाट बघितलीय.

तुम्हाला घ्यायचंच असेल तर आधी काळं कापड भिंतीवर जोरात घासा, पांढरं निघालं तर विषय संपला. नाई निघालं तर शीटचा हातभर तुकडा सगळ्यात तापणाऱ्या जागी आठवडाभर चिकटवून ठेवा आणि मग पैसे घाला. नवीन प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस सुकू द्या, प्राइमर आणि पेंट मारून मगच.

गुण द्यायचे तर पेंटच्या भिंतीवर वॉलपेपरला पाचपैकी साडेतीन, चुन्याच्या भिंतीवर शून्य, हुकला एक. उरलेला रोल दिवाळीतच लोखंडी कपाटाला आणि प्लायवूडच्या दाराला लावला होता, तो उन्हाळा-पावसाळा जागचा हलला नाई, एक फुगा नाई, कोपरा सुटला नाई. त्याच्यासाठी बिनधास्त घ्या.