शिसं आणि नायोबियम: अतिवाहकांचे दोन स्वभाव

काही धातू खूप थंड केले की त्यांचा विद्युतरोध शून्य होतो; ही अतिवाहकता. १९५० साली गिन्झबर्ग आणि लँडाऊ या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांनी तिच्यासाठी ऊर्जेचं एक सूत्र मांडलं. त्यात दोन लांब्या येतात. एक, चुंबकीय क्षेत्र धातूत किती खोल शिरतं. दुसरी, बिघडलेली अतिवाहक अवस्था किती अंतरात सावरते. पहिलीला दुसरीने भागलं की मिळते एक संख्या, कप्पा (ग्रीक अक्षर κ). तिचा उंबरठा १/√२, म्हणजे सुमारे ०.७०७: खाली पहिल्या प्रकारचे अतिवाहक, वर दुसऱ्या.

शुद्ध शिशाचा कप्पा याच्या खाली. निरपेक्ष शून्याजवळ, क्षेत्राला समांतर धरलेली शिशाची तार सुमारे ०.०८ टेस्लापर्यंत क्षेत्राला बाहेरच ठेवते आणि मग एकदम हार मानते.

नायोबियम उंबरठ्याच्या वर. ते क्षेत्राला थोडंथोडं आत घेतं, भोवऱ्यांच्या रूपात, म्हणजे भोवती प्रवाह फिरणाऱ्या बारीक नळ्यांतून. भोवऱ्याभोवती एक फेरी मारली की अतिवाहक इलेक्ट्रॉनांच्या तरंगाची कला (फेज) पूर्ण वेढ्यांनीच बदलू शकते, म्हणून प्रत्येक भोवऱ्यात नेमका २.०७×१०⁻¹⁵ वेबर चुंबकीय फ्लक्स. किती सुंदर आहे हे! १९५७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अब्रिकोसोव्हने या भोवऱ्यांची चौकोनी जाळी काढली. पुढे त्रिकोणी जाळीची ऊर्जा कमी निघाली. ऊर्जा ठरवणाऱ्या गुणांकातला फरक इवलासा, १.१८ विरुद्ध १.१६, पण निसर्ग सहसा तीच निवडतो.

गणितासाठी मला मात्र थेट उंबरठाच सर्वात मोलाचा वाटतो. तिथे भोवरे एकमेकांना ओढत नाहीत, ढकलतही नाहीत. ते प्रतलावर कुठेही ठेवा, गिन्झबर्ग-लँडाऊ समीकरणाला उत्तर असतंच. गणितज्ञ टॉब्झने १९८० मध्ये हे सिद्ध केलं.

वापरात मात्र दुसरा प्रकारच जिंकतो: एमआरआयची बहुतेक चुंबकं नायोबियम-टायटेनियमच्या तारांची असतात.