गाडी पाहिलीच नाही, पलंग पाहिला

गाडी बघायला गेलो तेव्हा माझ्या खिशात मोजमापाची टेप होती. टॉर्च नव्हता आणि ओळखीचा मेकॅनिकही सोबत नव्हता. माझी उंची पाच फूट नऊ इंच. मागच्या दारापासून ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीपर्यंत टेप धरली, आकडा बघितला आणि तिथेच हरखलो. विकणारा शेजारी उभा राहून हे बघत होता. घासाघीस अजून सुरूही झाली नव्हती, पण हे गिऱ्हाईक काय बघतंय आणि काय बघत नाहीये, हे त्याला तेव्हाच कळलं असणार.

मला आणि बायकोला बरीच वर्षं एक खूळ होतं. शनिवारी पहाटे निघायचं, कोकणात किंवा साताऱ्याकडे कुठेतरी थांबायचं आणि रात्री गाडीतच झोपायचं. हॉटेल नको, बुकिंग नको. तयार कॅम्पर व्हॅनचे भाव आमच्या आवाक्यातले नव्हते. पुण्यात जुन्या गाड्यांच्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या, सरकत्या दारांच्या म्हणजे मारुतीच्या दोनच: ओम्नी आणि ईको. ओम्नी १९८४ पासून रस्त्यावर होती, २०१९ मध्ये बंद झाली. अजून भाजीवाल्यापासून केटररपर्यंत सगळ्यांकडे दिसते. पण तिचं इंजिन ७९६ सीसीचं आणि ते पुढच्या सीटखाली. घाटात दोन माणसं आणि सामान घेऊन चढताना सीट तापते आणि गाडी रडते. शिवाय अनेक ओम्नींत मागे गॅसची टाकी बसवलेली, म्हणजे झोपायची जागा गेलीच. ईको २०१० ची, बाराशे सीसीची आणि ३,६७५ मिलिमीटर लांब. हा आकडा मला अजून पाठ आहे, कारण महिनाभर मी कागदावर तिच्या मापाचे चौकोन काढून त्यात गादी बसवत होतो. बायको म्हणायची, ‘अरे, गाडी घेतोयस की वन रूम किचन?’ गाड्यांच्या गर्दीत मला तेव्हा खरंच खोलीच दिसत होती. आजही कुणी विचारलं, तर स्वस्तात झोपायची गाडी म्हणून मी ईकोच सांगेन. दोष तिचा नव्हता.

मे २०२३ मध्ये जाहिरात दिसली. २०१४ ची ईको, पेट्रोल, ४८ हजार किलोमीटर चाललेली, आणि फोटोत मागच्या सीट काढून आत पलंग केलेला. प्लायवूड, त्यावर करड्या मॅटचं फ्लोअरिंग, छताला पिवळ्या दिव्यांची माळ, एक छोटा पंखा आणि गादीवर निळी चादर, तिच्यावर पांढरे हत्ती. भाव दोन लाख. त्या वर्षाच्या ज्या ईको मी बघून आलो होतो त्या अडीच लाखांच्या आसपास होत्या, नुसत्या, पलंगाशिवाय. इथे पलंग फुकट आणि वर पन्नास हजार कमी. स्वस्त का, हा प्रश्न मनात आला होता. विकणाऱ्याने न विचारताच उत्तर दिलं. ‘दादा, मेव्हण्याच्या नावावर आहे. तो बँकेत आहे, बदली झाली. पावसाळ्याआधी काढून टाक म्हणाला.’ नंबर एमएच ०८, म्हणजे रत्नागिरीचं पासिंग. मेव्हणा तिकडचाच, म्हणाला. गोष्ट बरोबर जुळली. जुळणाऱ्या गोष्टीवर माझा पटकन विश्वास बसतो.

जागाही शहराबाहेरची, एका मोकळ्या प्लॉटवर पार्किंगसारखी. आणखी चार-पाच गाड्या उभ्या होत्या. ‘मित्रांच्या आहेत,’ म्हणाला. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं असा नियम त्याच वर्षी १ एप्रिलपासून लागू झाला होता. पण हा तर स्वतःला घरगुती विक्रेता म्हणवत होता. अधिकारपत्र मागायचं मलाही सुचलं नाही.

गाडी एका झटक्यात सुरू झाली. दोन किलोमीटर चालवून बघितली. आत लॅव्हेंडरचा वास इतका होता की बायकोने काच खाली केली. ‘नवीन फ्रेशनर आहे वहिनी,’ तो म्हणाला. गाडीखाली वाकून बघितलं तर सगळं काळंकुळकुळीत, नुकतं कोटिंग मारलेलं. मला वाटलं, किती काळजी घेतलीय! मीटर ४८ हजार, सीटकव्हर नवं, रबर मॅट नवे. मोबाईलच्या ॲपवर नंबर टाकला. नोंदणी ॲक्टिव्ह, कर्जाचा बोजा नाही, फिटनेस २०२९ पर्यंत. विमा मात्र नुकताच काढलेला, फक्त थर्ड पार्टी. आधीच्या दोन वर्षांचा विमा कुठे आहे, हे मी विचारलं नाही. ‘मूळच्या मागच्या सीट कुठे आहेत?’ एवढं विचारलं. त्या गावी होत्या, पुढच्या महिन्यात येणार होत्या. त्या आजतागायत यायच्या आहेत.

एक लाख पंच्याऐंशीला सौदा झाला. दहा हजार टोकन फोनवरून दिले, बाकी रोख, त्याच्याच आग्रहावरून. ‘बँकेत टाकलं की मेव्हण्याला टॅक्सचा ताप होतो.’ शंभराच्या स्टॅम्प पेपरवर त्याने आधीच छापून ठेवलेला मजकूर होता: गाडी जशी आहे तशी घेतली आहे, पूर्ण पाहणी केली आहे, यापुढे तक्रार राहणार नाही. मी सही केली. टीटी फॉर्मचा सेट, म्हणजे गाडी नव्या मालकाच्या नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, मूळ मालकाच्या सहीसकट हातात मिळाले. निघताना त्याने गादीवरची हत्तीची चादर मात्र काढून घेतली. ‘ही तेवढी राहू दे दादा, मिसेसची आवडती आहे.’ आम्हाला गंमत वाटली. आम्ही मस्त नवी चादर घेतली.

मे महिन्यात मुळशीजवळ एक रात्र काढली. दोन्ही दारं सरकवून ठेवली, वारा येत होता, आकाश स्वच्छ होतं. त्या रात्रीबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

जूनच्या शेवटी दिवेआगरला निघालो. ताम्हिणीत पाऊस आणि धुकं दोन्ही होतं, संध्याकाळचे सहा वाजले असतील. एका वळणावर हेडलाईट आणि वायपर एकाच क्षणी बंद पडले. समोर पांढऱ्याशिवाय काहीच नाही आणि मागून एसटीचा हॉर्न. गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, बायको छत्री आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन मागे उभी राहिली. अर्ध्या तासाने दिवे आपोआप लागले. पहिल्या गिअरमध्ये उतरत उतरत माणगावला पोचलो आणि हायवेजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी लावली. मेकॅनिक म्हणाला, ‘सकाळी बघू, आता झोपा.’ झोपलो, त्याच गाडीत. बाहेर धो धो पाऊस, आत लॅव्हेंडर संपलेलं, आणि गादीखालून येणारा वास बंद पडलेल्या विहिरीसारखा.

सकाळी त्याने आधी दिवे बघितले नाहीत. ड्रायव्हरचा सीट बेल्ट धरला आणि ओढत राहिला, पार शेवटपर्यंत, जिथपर्यंत आपण कधीच ओढत नाही. शेवटच्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या लाल मातीचा थर होता. त्याने नखाने खरवडली, मला दाखवली आणि म्हणाला, ‘साहेब, ही पोहून आलीय.’

मग त्याने फ्यूज बॉक्स उघडला. वायरी जिथे जोडतात त्या कपलरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. तांब्या-पितळेला पाणी लागून राहिलं की असा हिरवा गंज चढतो. तो आतल्या आत पसरतो आणि महिने-दोन महिने गाडी नीट चालते. दमट हवा आली की कुठला दिवा कधी जाईल याचा नेम नाही. सीटचे पाय ज्या बोल्टांवर बसतात ते गंजलेले. हेडलाईटच्या आत, काचेच्या खालच्या अंगाला, चहाच्या कपात राहते तशी रेष. मी गाडी पुसताना ती रेष बघितली होती आणि बाहेरून घासलीही होती. शेवटी आम्ही तिघांनी मिळून गादी बाहेर काढली आणि प्लायवूड उचकटलं. खाली लाल गाळ, पत्र्याला हाताच्या पंजाएवढी दोन भोकं, आणि त्यावर बाहेरून मारलेलं ते काळं कोटिंग. ते कोटिंगच काय ते पत्रा म्हणून उरलं होतं. महिनाभर आम्ही ज्याला पलंग म्हणत होतो ते झाकण होतं.

‘चिपळूणची असणार,’ मेकॅनिक म्हणाला. ‘एकवीसच्या पुरातल्या लई फिरतात.’

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं तेव्हा आगारातले एसटीचे कर्मचारी दिवसाची रोकड घेऊन बसच्या टपावर बसून राहिले होते, हे मी टीव्हीवर बघितलं होतं. रस्त्यावरच्या गाड्यांचं काय झालं असेल, याचा विचार तेव्हा केला नव्हता. २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडालं तेव्हाही नाही. बुडालेल्या गाडीचा दुरुस्तीखर्च विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की ती टोटल लॉस धरली जाते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी सॅल्व्हेज, म्हणजे मोडीत निघालेला माल, म्हणून लिलावात जाते. कायमची निकामी झालेली गाडी मालकाने चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करायची, असं कायदा सांगतो. पण लिलावात घेणाऱ्याला भंगारापेक्षा जिवंत आरसीत, म्हणजे रद्द न झालेल्या नोंदणीत, जास्त पैसा दिसतो. माझ्या ॲपवर ‘ॲक्टिव्ह’ दिसत होतं ते खोटं नव्हतं. पाण्याचा रकाना तिथे नाहीच.

आरसीवरच्या नावाच्या माणसाचा माग चिपळूणच्या एका सहकाऱ्याने काढून दिला. ते बँकेत नव्हते, त्यांचा डबे पोचवण्याचा धंदा होता. फोनवर आधी त्यांना वाटलं मीच भामटा. मग म्हणाले, ‘गाडी चालते? अहो, तिच्या टपावरून पाणी गेलं होतं.’ विम्याचे पैसे मिळताना गाडी न्यायला आलेल्या माणसाने कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेतल्या होत्या, तेच फॉर्म माझ्या हातात होते. घर चिखलाने भरलेलं असताना कोण फॉर्म वाचत बसणार? त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘उद्या तिने कुणाला ठोकलं असतं तर?’ नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. मी महिनाभर त्यांच्या नावावर घाट उतरत होतो. ‘आज करतो, उद्या करतो’ म्हणत फॉर्म मी ड्रॉवरमध्येच ठेवले होते, आणि ही चूक विकणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

मेकॅनिकच्या सांगण्यावरून कंपनीच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर दिला. शेवटची नोंद जुलै २०२१ च्या पहिल्या आठवड्यातली, मीटर एकाहत्तर हजार. त्यानंतर एकही नाही. हे विचारायला पाच मिनिटं लागली आणि एक रुपयाही लागला नाही. टोकन देण्याच्या आदल्या दिवशीही एवढाच वेळ लागला असता.

विकणाऱ्याचा फोन बंद. प्लॉटवर गेलो तर तिथे मंडपवाल्याचे बांबू पडलेले. चौकीत स्टॅम्प पेपर वाचून विचारलं, ‘पाहणी केली असं तुम्हीच लिहून दिलंय ना?’ लेखी अर्ज घेतला, पोच दिली, पुढे काही हललं नाही. ओळखीच्या वकील म्हणाल्या की ग्राहक आयोगात जाता येतं, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. पण विरुद्ध कोणाच्या? स्टॅम्प पेपरवरचा पत्ता खोटा, आणि पुरावा म्हणाल तर दहा हजारांचं टोकन, तेही तिसऱ्याच कुणाच्या खात्यावर गेलेलं. पावणेदोन लाख रोख दिले त्याला साक्षीदार माझी बायको, आणि तिने तर तेव्हाच काच खाली केली होती.

चिपळूणच्या मालकांना सोबत घेऊन नोंदणी रद्द करायला टाकली आणि गाडी माणगावलाच सुट्या भागांसाठी अडतीस हजारांना दिली. त्यातले सहा हजार मेकॅनिकचे, जे तो घ्यायला तयार नव्हता. गादी तेवढी घरी आणली. ती आता दिवाणावर आहे.

गेल्या आठवड्यात बायकोने फोन माझ्यापुढे धरला. जाहिरात नवी, नाव नवं, गाडी पांढरी ओम्नी. ‘झोपायची सोय असलेली, ट्रिपसाठी तयार, घरगुती वापर.’ करडं फ्लोअरिंग, पिवळ्या दिव्यांची माळ, आणि गादीवर निळी चादर, तिच्यावर पांढरे हत्ती. नंबर प्लेटवर अंगठा ठेवून फोटो काढलाय, पण पहिले आकडे दिसतात. एमएच ०९, कोल्हापूर.