बिझनेस प्लॅन की प्रत्यक्ष स्टॉल: उद्योजकता शिकवायची कशी?

प्लॅन स्पर्धा भरवणं कॉलेजला सोपं जातं: सभागृह, परीक्षक, प्रोजेक्टर, झालं. मुलं 'बाजारातला फक्त 1 टक्का ग्राहक मिळाला तरी' असं गृहीत धरतात आणि पाच वर्षांचा नफा मांडून मोकळी होतात. तो 1 टक्का येणार कुठून, हे क्वचितच कोणी विचारतं.

स्टॉलवर ही पळवाट नसते. पाच जणांच्या गटाला 2,000 रुपये परतफेडीच्या बोलीवर द्या. समजा, कोकम सरबत ठेवलं. ग्लासमागे सरबत, बर्फ, कागदी ग्लास मिळून खर्च 8.50 रुपये, विक्री 15 रुपयांना, म्हणजे हातात 6.50. टेबलभाडं आणि बॅनरचे 650 रुपये निघायला 100 ग्लास खपायला हवेत. मुलं नेमकी इथेच फसतात. स्वतः प्यायलेले आणि मित्रांना फुकट दिलेले ग्लास कोणी मोजत नाही, यूपीआयचे पैसे एकाच्या खासगी खात्यात मिसळतात, उधारी लिहिलेलीच नसते. म्हणून रोज संध्याकाळी उरलेला माल, रोकड आणि यूपीआय यांचा मेळ लावून वहीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. गुण नफ्याला नव्हे, या वहीला द्यावेत. नाहीतर आईबाबाच गिऱ्हाईक होतात.

स्टॉलवर यंत्रसामग्री, खेळतं भांडवल किंवा कर्जाचे हप्ते शिकता येत नाहीत. पीएमईजीपीसारख्या (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) सरकारी योजनेत कर्ज मागताना प्रकल्प अहवाल लागतोच. त्यामुळे आधीच्या सत्रात स्टॉल, नंतरच्या सत्रात त्याच वहीतल्या आकड्यांवरून प्लॅन.