टबभर बीन्स आणि आठ महिने: ‘द हू सेल आउट’ची एलपी

गणपतीनंतर मागवली होती, आता मे उजाडला. ‘द हू’ या इंग्लिश बँडची १९६७ची ही एलपी, नव्याने काढलेली प्रत. खरं सांगतो, पैसे कव्हरसाठी मोजले. त्यावर बँडमधल्या चौघांनी जाहिरातींचं सोंग आणलंय. पुढच्या बाजूला पीट टाउनशेंड ओडोरोनो या डिओडरंटची भलीमोठी कांडी काखेत फिरवतोय आणि रॉजर डॉल्ट्री हाइन्झच्या बीन्सनी भरलेल्या टबात बसलाय. बीन्स इतके गार होते की न्यूमोनियाच झाला, असं तो स्वतःच सांगत आलाय. मागे कीथ मून मेडॅकचं पुटकुळ्यांचं मलम लावतोय, तर जॉन एन्टविसल चार्ल्स अ‍ॅटलसच्या शरीर कमावण्याच्या जाहिरातींतला पहिलवान.

या लुटुपुटूच्या जाहिरातींवर दुकानदाराने स्वतःची खरीखुरी चिकटवलेली: किमतीचा स्टिकर, थेट बीन्सच्या डब्यावर! हेअर ड्रायरची ऊब देत देत काढला, तरी टिकलीएवढा रंग गेलाच. तक्रार केली, तर उत्तर आलं, “रेकॉर्ड वाजतेय ना?”

वाजते, आणि झकास वाजते. आतलं कागदी पाकीट मात्र पहिल्याच आठवड्यात बदला. रेकॉर्ड काढताना तडतड वीज धरते आणि धूळ ओढते.

पहिली बाजू म्हणजे चालू रेडिओच. गाणी आणि मध्ये रेडिओ लंडनच्या जिंगल्स. हे स्टेशन उत्तर समुद्रातल्या जहाजावरून चालायचं. नव्या कायद्यामुळे १९६७च्या ऑगस्टमध्ये बंद पडलं. बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे आपलं सिलोनच की!” मुद्दा बिनतोड. आकाशवाणीवर जाहिराती नव्हत्या, म्हणून टूथपेस्टवाल्यांची बिनाका गीतमाला समुद्रापलीकडून यायची. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १९६७च्याच नोव्हेंबरात, मुंबई-पुणे-नागपूरला. ही रेकॉर्ड आली डिसेंबरात.

सगळ्यात जास्त ऐकलं ते ‘ओडोरोनो’. एक गायिका, तिचा मोठा कार्यक्रम, भेटायला आलेला बडा माणूस; सगळं जुळत आलेलं असताना घामाचा वास घात करतो. तिच्यासाठी जीव कळवळतो तोच कळतं की ही डिओडरंटची जाहिरात होती. आठ महिन्यांनीही तिथे हसू येतं, नि थोडं वाईटही वाटतं. ‘आय कॅन सी फॉर माइल्स’ या गाजलेल्या गाण्याबद्दल मी काय वेगळं सांगणार!

दुसरी बाजू लंगडी आहे. मेडॅकचं छोटं गाणं संपलं की जाहिरातींचा खेळ जवळपास सोडूनच दिलाय. ‘सनराइज’ सुरेख आहे, पण ते कुठल्याही रेकॉर्डवर शोभलं असतं.

मूळ ब्रिटिश प्रतीत शेवटची चरी बंद गोल आहे. सुई उचलेपर्यंत ‘ट्रॅक रेकॉर्ड्स’ हे त्यांच्याच कंपनीचं नाव घुमत राहतं. माझ्या प्रतीत ते नाही. मी हळहळलो, आई म्हणाली, “बरंच झालं, तू उठतोस कुठे वेळेवर!”