कमोडोर ६४ वर टर्मिनल प्रोग्रॅम कुठला: सीसीजीएमएस, नोव्हाटर्म, करमिट, की सरळ १२८ च घ्यायचा?

परवा एका मित्राने जुना कमोडोर ६४ घेतला, सोबत वायफाय मोडेम मागवला आणि पहिला प्रश्न काय, तर "सगळ्यात फास्ट टर्मिनल कुठलं रे?" (टर्मिनल म्हणजे मोडेममधून दुसऱ्या मशीनशी जोडून तिचा मजकूर आपल्या स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्रॅम.) आता हा प्रश्न मीही कधीतरी विचारला होता त्यामुळे हसलो नाही, पण यात गोची अशी की स्पीड ही या सगळ्यात सर्वात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. आधी सांगा, वायरच्या पलीकडे कोण आहे? कमोडोरवाल्यांचा बीबीएस (म्हणजे बुलेटिन बोर्ड, डायल करून गप्पा आणि फाइलींसाठी जोडायची मशीन) आहे, की घरातल्या कोपऱ्यात ठेवलेला लिनक्सचा डबा आहे? त्यावर सगळं ठरतं. मी चारही प्रकार वापरलेत, एक तर अजूनही रोज रात्री चालू असतो, तर जे कळलं ते लिहून काढतो.

मशीनबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं लक्षात येणार नाही. १९८२ चा कमोडोर ६४, ६४ केबी मेमरी, प्रोसेसर जेमतेम १ मेगाहर्ट्झचा, आणि सिरियल पोर्टसाठी बिट घेणारी-पाठवणारी वेगळी यूआर्ट चिप नाहीच. कमोडोरने पैसे वाचवले आणि ते काम सॉफ्टवेअरवर ढकललं. म्हणजे आलेला प्रत्येक बिट प्रोसेसर स्वतः मोजतो, टायमर वाजला की हातातलं काम टाकून बिट बघायला पळतो. २४०० बॉडला (बॉड म्हणजे इथे सेकंदाला तेवढे बिट) एका बिटसाठी साधारण ४१० सायकल मिळतात, तेवढ्यात जमतं कसंबसं. ९६०० ला मिळतात १०२, आणि त्यातही व्हिक चिप स्क्रीन काढायला दर आठव्या रेषेला चाळीस-एक सायकल हिसकावून घेते. म्हणून रॉममधला मूळ सिरियल कोड १२०० पर्यंत निवांत चालतो, २४०० ला खटपट करावी लागते, आणि त्यापुढे साध्या रस्त्याने जाताच येत नाही.

सीसीजीएमएसपासून सुरू करतो कारण दहातल्या आठ जणांना हेच लागणार आहे. मूळ क्रेग स्मिथचा ऐंशीच्या दशकातला प्रोग्रॅम, आणि अलीकडे लोकांनी त्याला पुन्हा हात घातलाय, आता सोर्ससकट मिळतो. चालू केला की समोर फंक्शन कीजची यादी, एफ १ अपलोड, एफ ३ डाउनलोड, एफ ७ मध्ये डायलर आणि सेटिंग, एफ ८ ने आस्की (इतर संगणकांची साधी अक्षरं) आणि ग्राफिक्स (कमोडोरची पेट्स्की) मोड बदलायचा, बस, मॅन्युअल वाचायची गरज पडत नाही. एकदा लोड झाला की सगळा मेमरीत, डिस्क परत खडखडत नाही. ४० कॉलम आहेत आणि ४० च राहतील, तिथे काही तडजोड नाही.

पण कमोडोरच्या बीबीएसवर हेच तर हवं असतं. ती सगळी पाटी, रंग, त्या वळणदार रेघा, पेट्स्की अक्षरं, ४० कॉलमसाठीच बनलेली असतात. पेट्स्की म्हणजे कमोडोरची स्वतःची आस्की, फक्त घरच्या मंडळींनी थोडी उलटीपालटी केलेली. लहान-मोठी अक्षरं बरोब्बर अदलाबदल. म्हणून पेट्स्की मोडमध्ये राहून एखाद्या साध्या आस्की सर्व्हरला जोडलंत की सगळं कॅप्सचं लहान आणि लहानाचं कॅप्स दिसतं, लोकांना वाटतं मोडेम बिघडला. बरेच बीबीएस जोडल्या जोडल्या "बॅकस्पेस दाबा" म्हणतात, ते उगाच नाही. कमोडोरची डिलीट की २० हा कोड पाठवते आणि आस्कीवाल्यांची ८, त्यावरून पलीकडच्याला कळतं पाहुणा कुठल्या गावचा. आणि डायल करताना पोर्ट नंबरही बघा, बऱ्याच ठिकाणी पेट्स्कीसाठी ६४०० ठेवलेला असतो, सवयीने २३ टाकलात तर भलतंच दार उघडेल.

आता नोव्हाटर्म. निक रॉसीचा प्रोग्रॅम, ९.६ ही आवृत्ती धरून चाला. हा स्विस चाकूसारखा प्रकार आहे, पेट्स्की आहे, आन्सी (पीसीच्या बीबीएसवरचे रंग-चित्रांचे कोड) आहे, व्हीटी १०० या जुन्या टर्मिनलच्या घराण्यातलं एम्युलेशन म्हणजे नक्कल आहे, पंटर, एक्समोडेम, वायमोडेम, झेडमोडेम, करमिट असे फाइली पाठवायचे सगळे प्रोटोकॉल आहेत, आरईयू म्हणजे मेमरीचं कार्ट्रिज असेल तर त्याचा बफर म्हणून वापर करतो, आणि मुख्य म्हणजे ८० कॉलम. कागदावर सीसीजीएमएसला पार झोपवतो. पण प्रोग्रॅम तुकड्या-तुकड्यात आहे, जे लागेल ते मोड्यूल डिस्कवरून उचलतो, आणि कमोडोरची खरी १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह असेल तर एम्युलेशन बदललं की चहा टाकून या. सेटिंगच्या मेन्यूत मी पहिल्या आठवड्यात दोनदा हरवलो होतो हे कबूल करतो.

त्या ८० कॉलमचं जरा नीट सांगतो कारण लोक त्याच्याच नादाने नोव्हाटर्म घेतात. ६४ ची स्क्रीन आडवी ३२० पिक्सेल. त्यात ८० अक्षरं बसवायची म्हणजे एका अक्षराला ४ पिक्सेल, त्यातला एक फटीसाठी सोडला की उरले ३. आता ३ पिक्सेलमध्ये इंग्रजी एम काढून दाखवा बरं. एम, डब्ल्यू, एन हे तिघं भाऊ-भाऊ दिसतात, अंदाजाने वाचायचं. शिवाय हे सगळं बिटमॅपवर काढलेलं, म्हणजे स्क्रीन एक ओळ वर सरकवायला १००० च्या जागी ८००० बाइट हलवायचे, कोड कितीही घट्ट लिहा, सत्तर हजारांवर सायकल जातातच, म्हणजे सेकंदाला तेरा-चौदा ओळींच्या पुढे काही स्क्रोल होत नाही. ९६०० वर मोठी डिरेक्टरी लिस्ट मागवलीत की हे लगेच जाणवतं. आणि रंग? बिटमॅपमध्ये रंग ८ बाय ८ च्या चौकटीला मिळतो, त्या चौकटीत दोन अक्षरं असतात, म्हणून शेजाऱ्याचा रंग आपल्या अंगावर. आन्सीची रंगीत चित्रं बघायला जाल तर निराशा होईल, साधा मजकूर वाचायला मात्र चालतं, डोळे चांगले असतील तर.

करमिट हा वेगळाच माणूस, प्रोटोकॉलही आणि त्याच नावाचा टर्मिनल प्रोग्रॅमही. हा १९८१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत जन्मला, मेनफ्रेमवरच्या फाइली विद्यार्थ्यांच्या छोट्या मशीनवर न्यायला, आणि नाव त्या मपेट्समधल्या बेडकाचं. कमोडोरची आवृत्ती दिसायला एकदम रुक्ष, रंग नाही, डायलरचा थाट नाही, कमांड टाइप करायच्या. पेट्स्की बीबीएससाठी याला घेऊ नका, काही उपयोग नाही. पण पलीकडे युनिक्स-लिनक्स असेल तर याचं व्हीटी १०० एम्युलेशन मन लावून केलेलं आहे, आणि फाइल पाठवताना हा कंट्रोल कॅरेक्टर सुद्धा छापता येतील अशा अक्षरांत गुंडाळून पाठवतो, त्यामुळे मधली लाइन कितीही खडूस असो, ७ बिटचीच असो, फाइल पोचते. हळू पोचते, पण पोचते. लिनक्सवर सी-करमिट अजून मिळतं त्यामुळे दोन्हीकडे एकच भाषा, भांडण नाही.

एक गोष्ट लिनक्सवाल्यांनी आधीच समजून घ्या, ६४ च्या कीबोर्डवर एस्केप नाही आणि टॅबही नाही. कंट्रोल आणि कोलन दाबलं की मशीनच्या हिशोबाने २७ म्हणजे एस्केप जातो, पण टर्मिनल प्रोग्रॅम स्वतःच्या मर्जीने दुसरी की ठरवू शकतो, म्हणून व्हीआय (लिनक्सचा एडिटर, एस्केपशिवाय चालत नाही) उघडण्याआधी ती की शोधून ठेवा. मी उघडल्यावर शोधायला लागलो होतो.

मग कमोडोर १२८ चं काय? १९८५ चं मशीन, त्यात ८० कॉलमसाठी वेगळी व्हीडीसी चिप आहे, ६४० पिक्सेल आडवे, अक्षर पूर्ण ८ पिक्सेलचं, वाचायला एकदम झकास, त्या मोडमध्ये प्रोसेसर २ मेगाहर्ट्झला पळवता येतो, आणि कीबोर्डवर एस्केप, टॅब, आल्ट सगळं आहे. त्यावर डेसटर्म टाका, व्हीटी १०० आणि आन्सी दोन्ही करतं. रोज लिनक्सच्या शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या स्क्रीनवर) बसायचं असेल तर खरं उत्तर हेच आहे, ६४ वर ८० कॉलमची कसरत करण्यापेक्षा. फक्त ती ८० कॉलमची स्क्रीन आरजीबीआय पोर्टमधून निघते, आपल्या टीव्हीला ते कळत नाही, कन्व्हर्टर लागतो, आणि मशीनही ६४ पेक्षा महाग मिळतं. बजेटमध्ये दोन्ही धरा.

आता त्या स्पीडच्या प्रश्नाकडे. १५४१ च्या एका डिस्कवर ६६४ ब्लॉक, एकात २५४ बाइट कामाचे, म्हणजे १,६८,६५६ बाइट. अख्खी डिस्क उतरवायला १२०० बॉडला २३ मिनिटं, २४०० ला १२, ९६०० ला ३, आणि ३८४०० ला पाऊण मिनिट. ऐकायला भारी. पण साधी १५४१ ड्राइव्ह स्वतः सेकंदाला ४०० बाइटच्या आसपास रांगते! ९६०० बॉड म्हणजे ९६० बाइट, म्हणजे तुमची डिस्क मोडेमच्या निम्म्याहून हळू आहे. ती लिहित बसते आणि मोडेम दारात उभा राहतो. तेव्हा जिफीडॉस (ड्राइव्हचा वेग वाढवणारी रॉम) किंवा एसडी कार्डवाली ड्राइव्ह नसेल, किंवा नोव्हाटर्मला द्यायला आरईयू नसेल, तर ३८४०० साठी पैसे घालणं म्हणजे बोळातल्या गल्लीत फिरायला रेसची गाडी घेणं झालं. वाचनाचं म्हणाल तर ४० बाय २५ ची भरलेली स्क्रीन २४०० ला चार सेकंदात येते, आणि मला तरी ती तशी ओळीओळीने उमटताना बघायलाच आवडतं.

तरी स्पीड हवाच असेल तर दोन वाटा. एक, यूपी ९६०० नावाची युक्ती, यात बिट मोजायचं काम प्रोसेसरऐवजी पोर्ट सांभाळणाऱ्या सीआयए चिपमधल्या शिफ्ट रजिस्टरकडे देतात, त्यासाठी मोडेम बसतो त्या यूझर पोर्टवर काही पिना जास्तीच्या जोडाव्या लागतात, बऱ्याच वायफाय मोडेमवर त्या आधीच जोडलेल्या असतात पण घेताना विचारून घ्या. दुसरी, स्विफ्टलिंक कार्ट्रिज, त्यात खरी सिरियल चिप आहे, ३८४०० पर्यंत जातं. सीसीजीएमएस आणि नोव्हाटर्म दोघंही या दोन्ही वाटा ओळखतात. हल्लीच्या अल्टिमेट कार्ट्रिजमध्ये तर स्विफ्टलिंक आतच नक्कल केलेलं असतं आणि नेटवर्क केबल लावली की मोडेमही वेगळा नको.

व्होल्टेजची एक सूचना, ही मात्र गंभीर. यूझर पोर्टचे सिग्नल ५ व्होल्टचे (टीटीएल) आहेत. जुन्या पीसीच्या आरएस-२३२ ला सरळ जोडलात तर तिकडून उणे १२ व्होल्ट सुद्धा येऊ शकतात आणि सीआयए चिप गेली म्हणून समजा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या ३.३ व्होल्टच्या पिनांनाही सरळ जोडू नका, त्यात तो संगणक मरेल. मध्ये लेव्हल बदलणारं काहीतरी हवंच.

माझी एक फजिती. मोडेमला एटी कमांड देऊन ९६०० वर ठेवला, सेव्ह केलं, आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम आपला १२०० वर उघडला. स्क्रीनवर नुसती पत्त्यांची चिन्हं, बदाम, इस्पिक. तासभर केबल हलवत बसलो, सोल्डर तपासलं, बायको म्हणाली झोपा आता, आणि शेवटी दोन्हीकडचा बॉड एक केल्यावर निमूटपणे चालू झालं. कचरा दिसला की आधी बॉड बघा, केबल नंतर.

अर्थात पूर्वीच्या लोकांचे हाल जास्त होते. व्हिकमोडेम ३०० बॉडचा, म्हणजे एक स्क्रीन भरायला ३३ सेकंद, आणि डायल आपणच फोनवर करायचं, पलीकडून शिट्टी ऐकू आली की रिसीव्हरची वायर काढून मोडेममध्ये खुपसायची. आपल्याकडे कमोडोर घरोघरी नव्हताच, पण ज्यांनी १९९५ नंतर व्हीएसएनएलचं (तेव्हाची सरकारी इंटरनेट कंपनी) शेल अकाउंट वापरलंय त्यांना टर्मिनल एम्युलेटर काय असतं ते सांगायला नको, काळ्या स्क्रीनवर लिंक्स (ब्राउझर) आणि पाइन (मेल), व्हीटी १०० सेट केलं नाही की मेलची ओळ ओळीवर. तोच रोग, तेच औषध, लिनक्सवर आजही टर्म व्हेरिएबल व्हीटी १०० आणि स्क्रीन २४ बाय ८० सांगितली की अर्धी भुतं पळतात. मराठी मात्र विसरा. "नमस्कार" लिहिलं की युनिकोडचे २१ बाइट येतात आणि ६४ त्यांची इमानदारीने २१ वेगवेगळी चिन्हं काढायला बसतो.

प्रोटोकॉलबद्दल फार नको. कमोडोर बीबीएसवर पंटर वापरा, कॅनडाच्या स्टीव्ह पंटरचा, तिथे सगळ्यांना येतो. बाकी ठिकाणी एक्समोडेम, वॉर्ड क्रिस्टेन्सनचा १९७७ चा, १२८ बाइटचे ब्लॉक, पण शेवटचा ब्लॉक भरायला मागे फालतू बाइट जोडतो ते लक्षात ठेवा. लिनक्सशी करमिट, किंवा नोव्हाटर्म असेल तर झेडमोडेम.

मित्राला मी सीसीजीएमएस आणि २४०० बॉड एवढंच सांगितलं, त्याला बीबीएसवर गप्पा मारायच्या आहेत. दुसरा एकजण आहे, त्याला ६४ वरून घरच्या सर्व्हरमध्ये घुसायचंय पण आठवड्यातून एकदा, गंमत म्हणून, त्याला नोव्हाटर्म ठीक आहे. रोज घुसणारा असता तर १२८ म्हणालो असतो.

आणि काही विकत घ्यायच्या आधी पीसीवर कमोडोरची नक्कल करणाऱ्या व्हाइस एम्युलेटरवर हे सगळं फुकटात करून बघा, त्यात यूझर पोर्ट आणि स्विफ्टलिंक दोन्हीची नक्कल आहे, टीसीपीसर नावाचा छोटा प्रोग्रॅम मोडेमचं सोंग घेतो. फक्त नोव्हाटर्मचे ८० कॉलम तिथे बघून हुरळून जाऊ नका, एलसीडीवर पिक्सेल धारदार दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन पाल आणि सीआरटीचं (जुन्या टीव्हीसारखं) फिल्टर चालू करा आणि मग एम ओळखून दाखवा.