घुशींसाठी छऱ्याची बंदूक घेतली, आठ महिने वापरून काय वाटलं

जूनमध्ये घेतली होती, आता फेब्रुवारी संपत आला, म्हणजे आठ महिने आणि साधारण अकराशे छर्रे झाले असतील (त्यातले हजार तरी पुठ्ठ्यावर), तर आता लिहायला हरकत नाही. घेतल्याच्या चौथ्या दिवशी पाच स्टार देणारे रिव्ह्यू वाचून मी स्वतः फसलोय, म्हणून मुद्दाम थांबलो.

आधी प्रॉब्लेम सांगतो. आमचं घर नाशिकला मखमलाबादच्या बाजूला, आसपास थोड्या द्राक्षबागा अजून शिल्लक आहेत, बाकी सगळे एनए प्लॉट पडलेत. आमच्या शेजारचा प्लॉट असाच मोकळा, मालक पुण्याला, आत कमरेएवढं गाजरगवत आणि लोकांनी टाकलेला कचरा. तिथून घुशी येतात. उंदीर नाही हां, घुशी, एकेक जवळपास किलोभराची. त्यांनी कंपाउंडच्या पायाखालची माती उकरली, ड्रिपच्या नळ्या कुरतडल्या आणि आईच्या सात कोंबड्यांची अंडी तर रोजच जायला लागली. पिंजरा लावला तर पहिल्या आठवड्यात दोन सापडल्या, नंतर बाकीच्या हुशार झाल्या. चिकट पॅडवर घूस अडकत नाही, पॅडसकट चालायला लागते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. विष घालायचं नव्हतं कारण गल्लीतली कुत्री, मांजरं, आणि विष खाल्लेली घूस बिळात मरून पंधरा दिवस जो वास मारते तो एकदा घेतलाय. शिवाय ती घूस घुबडाने खाल्ली की ते पण जातं.

मग एअरगन. लहानपणी काळारामाच्या यात्रेत फुगे फोडायचो तेवढाच अनुभव. त्यामुळे दोन महिने नुसतं वाचत बसलो, आणि वाचून वाचून डोकं फिरलं, कारण सगळे एकच आकडा सांगतात, वेग किती फूट प्रतिसेकंद. हजार, बाराशे, तेराशे. घरामागे दहा-बारा मीटरवर मारायचंय ना राव, तिथे बाराशे करून काय करणार.

मला दोनच गोष्टी पाहिजे होत्या. आवाज कमी, कारण भिंतीपलीकडे करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झालेले काका राहतात आणि त्यांना नऊ वाजता झोप लागते. आणि वेळेवर दगा न देणारी.

कायद्याचं आधी उरकतो. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे नळीचं भोक ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमीपर्यंत आणि सुटणाऱ्या छऱ्याची ताकद २० ज्यूलच्या आत अशी एअर रायफल असेल तर लायसन लागत नाही. दोन्हीपैकी एक जरी ओलांडलं तर लागतं, म्हणजे ०.२२ ची कोणी 'चालतंय हो' म्हणून विकत असेल तर घेऊ नका. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्यायचा. ज्यूलचा हिशोब सोपा आहे, अर्धं गुणिले वजन (किलोत) गुणिले वेगाचा (मीटर प्रतिसेकंद) वर्ग. नेहमीचा छर्रा ०.५४ ग्रॅमचा, तो २७० मीटर प्रतिसेकंदाने गेला तर १९.७ ज्यूल, म्हणजे काठावर. माझी २४० च्या आसपास टाकते, साडेपंधरा ज्यूल. घुशीला त्याच्यापेक्षा जास्त लागत नाही. आणि बंदूक खांद्याला लटकवून स्कूटरवर फिरायचं नाही, शहरात पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश अधूनमधून निघत असतात, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली. माझी मी स्वतः घराबाहेर एकदाच नेली, ती पण पिशवीत, ते खाली येईलच.

पक्ष्यांवर मारायची नाही. बऱ्याच जुन्या लेखांत अजून लिहिलेलं असतं की कावळा, वटवाघूळ उपद्रवी यादीत आहेत म्हणून चालतं. वन्यजीव कायद्यातली ती पाचवी सूचीच २०२२ च्या दुरुस्तीत काढून टाकली, ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पोपट, मोर यांचं तर विचारूच नका. मी फक्त घुशी आणि उंदीर, बाकी कशाकडे नळी पण वळवत नाही.

आता प्रकार. पीसीपी म्हणजे आधी हवा भरून ठेवायची ती, झटका नाही, नेम भारी, पण हातपंपाने दोनशे बार दाबापर्यंत हवा भरायची म्हणजे जिमची फी वाचते, पंप आणि बंदूक मिळून माझ्या बजेटच्या बाहेर, आणि हवा नळीच्या तोंडाशी सुटते तेव्हा फट्ट असा आवाज पुढच्या बाजूला जातो. तो कमी करायला लोक काय काय जोडतात, त्या भानगडीत मला पडायचं नव्हतं. स्प्रिंगवाली, म्हणजे नळी मोडून लोड करायची, तिचा आवाज उलट मारणाऱ्याच्या गालापाशीच जास्त असतो, स्प्रिंगची झणझण आणि पिस्टन आपटल्याचा धप्प, समोरच्याला त्यातलं फार ऐकू जात नाही. आणि स्प्रिंगच्या जागी गॅसचा सिलिंडर असतो ती तिसरी, तिला झणझण नसते. मी देशी बनावटीची साधी स्प्रिंगवाली घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडं रडगाणं आहे आणि एका पीसवरून कोणाला नावं ठेवणं बरोबर नाही. स्कोप (नेम धरायची दुर्बीण), छऱ्याचे दोन डबे, कुरिअर धरून सोळा हजारांच्या आत.

पहिला दिवस. रात्री साडेनऊला मागच्या जिन्यात बसून पुठ्ठ्यावर पहिला बार टाकला आणि जो धाडकन आवाज झाला, नळीतून धूर, काकांच्या घरातले दिवे लागले आणि वरून आवाज, 'अरे डीपी उडाली का?' मी आत पळालो. शांत बंदूक म्हणून घेतलेली ही. दुसऱ्या दिवशी कळलं की नवीन बंदुकीत फॅक्टरीचं तेल असतं, पिस्टनने हवा दाबली की ती इतकी तापते की तेलच पेट घेतं, डिझेल इंजिनसारखं. म्हणून वेग पण जास्त आणि आवाज पण. दोन-अडीचशे छर्रे दिवसाढवळ्या टाकून ते जाळून संपवावं लागतं. त्यामुळे कोणीही पहिल्या दिवसाच्या आवाजावरून मत बनवू नका, आणि पिस्टनच्या बाजूला थेंब-थेंब तेल सोडायची सवय तर अजिबात नको.

तेल जळून गेल्यावर जो आवाज राहिला तो म्हणजे ओट्यावर पोळपाट जरा जोरात ठेवल्यासारखा. काकांना मी मुद्दाम जाऊन सांगितलं, काय आहे, कशासाठी आहे, कुठल्या दिशेला मारतो. ते म्हणाले मला काही ऐकूच येत नाही आता, तू मारतोस तरी का? हे सांगायचं काम मी बंदूक घ्यायच्या आधी करायला पाहिजे होतं खरंतर.

आवाजाचा दुसरा भाग छऱ्यात आहे आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डब्यावर हजार फूट लिहिलेलं असतं ते हलक्या ॲलॉयच्या छऱ्यावर मोजलेलं. आवाजाचा वेग साधारण ३४० मीटर प्रतिसेकंद, छर्रा त्याच्या आसपास गेला की हवेतच चाबकासारखा फटका वाजतो, मग बंदूक कितीही मऊ असो. आणि त्या वेगाला हलका छर्रा भरकटतो पण. ०.५४ ग्रॅमचा, गोल डोक्याचा शिशाचा छर्रा लावला आणि आवाज पण खाली आला, बारा मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्यात बसायला लागले. तीन ब्रँड आणून बघितले, प्रत्येक नळीला वेगळा छर्रा आवडतो, याला उपाय नाही.

नेम बसायला मात्र महिना गेला. स्प्रिंगवाली बंदूक घट्ट दाबून धरली की छर्रा इकडेतिकडे जातो, कारण छर्रा नळीत असतानाच बंदूक आधी मागे आणि मग पुढे अशी दोनदा उडते. तिला तळहातावर नुसती ठेवायची, झोपलेल्या पोराला उचलतो तशी, आणि दर वेळी त्याच जागी. हा दुहेरी झटकाच स्कोप खातो. कॉम्बोमध्ये आलेला चार बाय बत्तीसचा स्कोप चारशे छऱ्यांत गेला, आतली फुली फिरून गुणाकाराचं चिन्ह झाली. तसाही दहा मीटरवर त्यातून सगळं धुरकट दिसायचं. काढून टाकला, आता नळीवरच्या लोखंडी साइटवर (नेमाच्या खुणेवर) मारतो, टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून, लाल उजेडात घुशी फार बिचकत नाहीत.

पावसाळा. नाशिकचा पाऊस तसा कोकणासारखा नाही पण जुलै-ऑगस्टची ओल पुरते. बंदूक छान फोमच्या केसमध्ये ठेवली होती, पंधरा दिवसांनी उघडली तर नळीवर तांबूस ठिपके. फोम ओल धरून ठेवतो. तेव्हापासून कपाटात उभी, वर कुलूप, दर वेळी वापरून झाली की तेलाच्या फडक्याने पुसून. घाम लागलेला हात पण गंज आणतो.

विश्वासार्हतेचं म्हणाल तर दहापैकी सात. ऑक्टोबरमध्ये अचानक दम गेला, छर्रा पुठ्ठ्याला नुसता चिकटायला लागला. जिथून घेतली तिथे फोन केला तर 'पाठवून द्या, बघतो', आणि मग सव्वा महिना आज-उद्या. परत मागवली, तशीच आली, न उघडता. शेवटी स्वतः शोधलं. नळी जिथे मोडते तिथे टिश्यूचा तुकडा ठेवून बार टाकला, तुकडा उडाला, म्हणजे हवा तिथूनच गळतेय. तिथली रबरी रिंग कापली गेली होती. पिशवीत बंदूक घालून सातपूरला हायड्रॉलिक सीलच्या दुकानात नेली, त्या माणसाने व्हर्नियर लावला, ओ-रिंग काढून दिली, दहा रुपये. पाच घेतल्या. तेव्हापासून कुरकूर नाही. दस्त्याचे स्क्रू मात्र सैल होतातच, थ्रेडलॉकरचा (स्क्रू धरून ठेवणाऱ्या डिंकाचा) थेंब टाकून आवळलेत. आणि छर्रा न घालता रिकामा बार कधी टाकायचा नाही, पिस्टन थेट धातूवर आपटतो. गॅसवाली असती तर नेम लावून ताटकळत बसता आलं असतं, स्प्रिंगवाली ताणून जास्त वेळ ठेवली की स्प्रिंग बसते. ही एक गोष्ट मला आता खटकते, परत घेतली तर गॅसवाली घेईन कदाचित. पण सातपूरला दुरुस्त होणारी वस्तू पण सोडवत नाही.

मारायची पद्धत थोडी सांगतो कारण यात घोळ होतात. मी नेहमी जिन्यावरून खाली, जमिनीकडेच मारतो. सरळ मारलेला छर्रा चुकला तर बराच लांब जाऊ शकतो, आणि काँक्रीटच्या भिंतीवर आपटला तर परत तुमच्याकडे येतो, माझ्या चपलेला एकदा लागलाय. जिथे भाकरीचा तुकडा ठेवतो तिथे लाकडी खोका, त्यात वाळूची गोणी, म्हणजे छर्रे वाळूतच राहतात. हे फक्त उसळू नये म्हणून नाही, कोंबड्या खडे समजून छर्रे टिपतात आणि शिशाने मरतात. दर रविवारी वाळू चाळतो. घूस थांबली, मान वर केली, डोकं स्पष्ट दिसलं तरच, नाहीतर सोडून द्यायची. अंगावर लागली तर ती बिळात जाऊन हालहाल होऊन मरते, एकदा झालंय माझ्याकडून, त्या रात्री जेवण गेलं नाही. मेलेली हातमोजे घालून उचलायची, लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) घुशींच्या मुतातून पसरतो, आणि खोल पुरायची.

किती मारल्या? आई महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची, तिने किचनमधल्या कॅलेंडरवर हिशोब ठेवायला सांगितला. ज्या दिवशी मारली त्या चौकोनात मी 'घु' लिहायचो. जून ते सप्टेंबर अकरा. मग बंदूक आजारी. त्याच काळात प्लॉटमालकाच्या मागे लागून गवत काढून घेतलं, खुराड्याखाली बारीक जाळी टाकली, कंपाउंडची बिळं काचांचे तुकडे आणि सिमेंटने बुजवली. डिसेंबरात बंदूक परत आली तेव्हा घुशी निम्म्याने कमी झालेल्या होत्या, खरं सांगायचं तर बंदुकीशिवायच.

आणि मग थंडीत एका रात्री मी शाल गुंडाळून जिन्यात बसलोय, लाल टॉर्च लावलाय, घूस खोक्याशी आलीय, मी श्वास धरला आणि वरून काहीतरी पांढरं आलं. काहीच आवाज नाही, म्हणजे खरंच काहीच नाही. घूस गायब. समोरच्या विजेच्या खांबावर गव्हाणी घुबड, पायात घूस, माझ्याकडे बघतंय. मोठी घूस त्याला झेपत नसणार, ही मध्यम होती. मी शांत बंदुकीसाठी दोन महिने वाचन केलं होतं ते आठवून हसायला आलं.

आता ते आठवड्यातून दोन-तीनदा येतं. ते खांबावर दिसलं की मी बंदूक काढतच नाही, आत जातो. आईने त्याचाही हिशोब कॅलेंडरवर सुरू केलाय, तिचं पण 'घु'. म्हटलं अगं गोंधळ होईल, दोन्ही सारखंच दिसतंय. तर म्हणाली, तुझंच चुकलंय, घूस दीर्घ, घुबड ह्रस्व, आधीचे सगळे दुरुस्त कर. केले. या महिन्यात दीर्घ दोन, ह्रस्व सात.